‘बस’ म्हटलं की ओढायचं

रॉकेलच्या डब्यांचं चिलखत घातलेला घोडेस्वार कडब्यावर उताणा पडला तर कसा आवाज होतो, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. आधी एक मोठा धडाम. मग बारीक खणखण. आणि मग त्या पत्र्याच्या आतून माणसाचा आवाज, “अगं, उठवा की कुणीतरी!” मी तो आवाज ऐकलाय. नुसता ऐकला नाही, माझ्या हाकेवर तो झालाय. शौर्य म्हणाल तर माझ्या नावावर एवढंच जमा आहे.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढं का नाही शिकलात, असं कुणी विचारलं की माझ्या वयाच्या बाकीच्या बायका सांगतात, लग्न झालं, तो काळच तसा होता. मी सांगते, माझी फौज फुटली. विचारणारा जरा मागं सरकतो. म्हातारीला चळ लागला, असं त्याच्या तोंडावर दिसतं. पण खरं तेच आहे.

आम्ही नळदुर्गचे. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते अजून इयत्तेला ‘जमात’च म्हणायचे, आणि कचेरीतलं कुणी दारात आलं की आधी डोक्यावरचा पटका सारखा करायचे, मग कोण आलंय ते बघायचे. मुलींची शाळा होती, पण सातवीपर्यंत. त्यापुढं हमरस्त्यावरचं हायस्कूल, आणि तिथं सगळे पोरगे.

सातवीला आम्हाला इतिहास शिकवायला एक बाई होत्या. वर्गात बसून इतिहास शिकवणं म्हणजे चुलीचं चित्र दाखवून भाकरी वाढणं, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या आम्हाला किल्ल्यात न्यायच्या आणि उपळी बुरुजाच्या सावलीला बसवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “समजा, त्या दरवाज्यातून लोखंडात मढवलेला घोडेस्वार आत आला. डोक्याला टोप, अंगात चिलखत, घोड्याच्या छातीलाही पत्रा. तुम्ही चौघी आहात. अनवाणी. हातात काठ्या. काय कराल?”

“पळू,” शिंप्याची पोर म्हणाली. ती खरंच पळाली असती; हरणासारखी होती.

“पळालात तर घोडा एकेकीला गाठेल.”

“काठीनं हाणू,” मी म्हणाले. मी तेव्हा कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर द्यायचे.

“कुठं हाणशील? लोखंडावर? काठी मोडेल, आणि त्याला कळणारही नाही.” बाईंनी जमिनीवर खडूनं घोडा काढला. “लोखंडाशी भांडायचंच नाही. टोपातून त्याला फक्त समोरचं दिसतं. म्हणून एकीनं समोर उभं राहायचं, ओरडायचं, नाचायचं, त्याची नजर बांधून ठेवायची. दुसरीनं बाजूनं येऊन लगाम धरायचा. उरलेल्या दोघींनी मागून दोर टाकायचा आणि ओढायचं. घोड्यावर असतो तोवर चिलखत त्याला वाचवतं. एकदा खाली पडला की तेच चिलखत त्याला उठू देत नाही. जिथं जिथं पायी चालणाऱ्यांनी असल्या स्वारांना लोळवलं, तिथं असंच मिळून लोळवलं. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे.”

पोस्टमास्तरांच्या मुलीनं बोट वर केलं. तिचे वडील हैदराबादेकडं नोकरी करून आलेले, त्यामुळं तिच्या तोंडात निम्मी दखनी असायची. “पण बाई, जो सामने उभा राहतो, वो तो मरताच की!”

“बाकीचे वेळेवर आले तर नाही मरत,” बाई म्हणाल्या.

हे वाक्य बाईंनी माझ्याकडून पाटीवर शंभरदा लिहून घ्यायला हवं होतं. मी त्या वेळी काय करत होते? समोर उभं कोण राहणार याचा विचार करत होते, आणि उत्तर मला आधीच ठाऊक होतं. पुढं उभं राहणं म्हणजे पुढारी होणं, असा माझा समज होता. पुढं उभा केलेला बकराही असतो, हे कुणी सांगितलं नाही.

शिवाय मला ती सगळी विद्या घरचीच वाटली. बैलाच्या खुरांना पत्री मारायची तर आधी त्याला पाडावा लागतो. आमच्या दारात नालबंद आला की मी अंगणाच्या कडेला ठिय्या देऊन बसायचे. एक माणूस वेसण धरून बैलाला बोलण्यात गुंतवायचा, अगदी सोयऱ्यासारखं, “काय पाव्हणं, बरं हाय का?” एकजण शेपटीशी. दोघांच्या हातात चऱ्हाट, ते बैलाच्या अंगाला वेढे देऊन मागं आलेलं. मग नालबंद म्हणायचा, “बस!” आणि सगळे मिळून ओढायचे. एवढा मोठा खोंड हळूच गुडघे टेकायचा, जणू पंगतीला बसतोय. आमच्याकडं बैल पाडताना ‘ओढा’ म्हणत नाहीत. बस म्हणतात. बैलाला वाटतं आपल्याला सांगितलं, आणि माणसांना कळतं आपल्याला सांगितलं.

शाळेच्या संमेलनात बाईंनी तोच घोडेस्वार बसवायचा ठरवला. आम्ही चौघी प्यादी. समोर मी. लगामाला शिंप्याची. दोराला पोस्टमास्तरांची आणि माझी जिवलग. जिवलग म्हणजे तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. तिकडं भाकरी थापली की इकडं ऐकू यायचं. तिला मी काहीही सांगायचे, आणि ती ते कुणालाही सांगायची नाही. निदान माझी तशी समजूत होती.

घोडेस्वार झाली इनामदारांची लेक. इनामं खालसा झाली होती, पण तिच्या घरचा तोरा खालसा झाला नव्हता. ती शाळेत यायची तर बरोबर एक बाई दप्तर घेऊन मागं. अंगानं चांगली भरलेली, आमच्यापेक्षा वीतभर उंच, आणि रस्त्यात कुणाशी बोलायची तिला मनाई. पत्र्याचं काम करणाऱ्यानं डबे उलगडून तिच्या छातीपाठीचे तुकडे कापले, सुतळीनं बांधले. टोप म्हणून तिच्याच घरचं पितळेचं पातेलं. ती ते चढवून उभी राहिली तेव्हा तिला खाली वाकता येईना. तिच्या पायांत चप्पलही आम्हीच घातली. घोडा म्हणजे दोन दणकट पोरी आणि त्यांच्यावर वाकळ.

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. मी समोर नाचले, लगाम धरला गेला, दोर पडला, मी ओरडले, “बस!” आणि पोस्टमास्तरांच्या मुलीनं दोर सोडून दिला.

“अगं, सोडलास का?”

“तूच बोलली ना, बस! बस म्हणजे पुरे!”

वरून पातेल्यातून आवाज आला, “मी तर बसलेलीच आहे की. आणखी कुठं बसू?”

बाई हसून म्हणाल्या, ‘ओढा’ म्हणा, सोपं पडेल. पण मी ऐकते कशाला? बैल पाडताना बसच म्हणतात, असं मी बाईंना ठणकावून सांगितलं. ज्या बाईला जगभरचे घोडेस्वार ठाऊक, तिला मी अंगणातला बैल शिकवत होते. शेवटी ठरलं, आणि चौघींनी एकमेकींच्या हातावर हात मारून म्हटलं: ‘बस’ म्हटलं की ओढायचं. कुणीही म्हणो, कुठंही म्हणो. पोस्टमास्तरांची आठवडाभर स्वतःशी पुटपुटत होती, “बस म्हणजे खींचो. बस म्हणजे खींचो.”

संमेलनाच्या दिवशी मंडपात अर्धं गाव. मी समोर उभी राहून असा काही थयथयाट केला की दादांनी पटक्यानं तोंड झाकलं, लाजेनं की हसण्यानं, कोण जाणे. मग “बस!” आणि तो आवाज. धडाम. खणखण. “अगं, उठवा की कुणीतरी!” लोक उठून उभे राहिले. इनामदारांची लेक उलटी पडलेल्या किड्यासारखी हातपाय हलवत होती, पातेलं नाकापर्यंत उतरलेलं, आणि मी तिच्या छातीवरच्या पत्र्यावर एक पाय ठेवून दोन्ही हात वर केले. हे बाईंनी शिकवलं नव्हतं. ती माझी स्वतःची भर. सगळ्यात मोठ्यानं हसत होते तीही मीच.

पडद्यामागं जिवलगनं तिचं पातेलं काढलं, तिला पाणी दिलं. ती पाणी प्याली, आमच्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, “चौघी होतात म्हणून. एकेकटी या की.”

“एकेकटी कशाला येऊ?” मी म्हणाले. “आम्ही काय येड्या हाव?”

येडी होते. तिनं तिथल्या तिथं सगळा डाव सांगून टाकला होता, आणि मी त्याला हरलेल्याची कुरकुर समजले.

आता खरा घोडेस्वार. हायस्कूलचे हेडमास्तर म्हणाले होते, एकदोन मुलींसाठी मला काही करता येणार नाही, पण चार मुली आणा, मी कडेला वेगळा बाक मांडतो. चारच. तीन नाही. मला शिकायचं होतं. का शिकायचं होतं, ते विचारू नका; सुरुवातीला तरी मला बाईंसारखं खडूनं घोडे काढायचे होते, एवढंच. पण घरी माझ्या सोयरिकीची बोलणी सुरू होऊ घातली होती, भूमकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, आणि हायस्कूल नाही म्हणजे ते स्थळ, इतका साधा हिशेब होता. आणि दादांच्या अंगात जे चिलखत होतं त्याला कुठंच फट दिसत नव्हती. ते चिलखत म्हणजे ‘लोक काय म्हणतील’.

मग मी बाईंचा घोडा मनात आणला. लोखंडाशी भांडायचं नाही. मी समोर उभी राहिले: जेवण टाकलं, रडले, भांडी आपटली, दादांची नजर माझ्यावरच बांधून ठेवली. तेवढ्यात शिंप्याच्या पोरीनं लगाम धरला. तिचे वडील म्हणजे दादांचे पानतंबाखूचे दोस्त, त्यांच्याशिवाय दादांचा पार सुना. तिनं बापाला आधी वळवलं आणि बापानं दादांना पारावर अडवलं: “आरं, माझी धाडतो म्या, तुझी का न्हाई?” आणि मागून दोघींनी दोर टाकला. जिवलगनं आमच्या आईला गाठलं, पोस्टमास्तरांच्या पोरीनं आजीला. ती आजीला पान कुटून द्यायची आणि सांगायची, “दादी, तुमची पोर मास्तरीण होणार बघा. तुमच्या औषधाची चिठ्ठी वाचणार.” आजीला हे फार आवडलं. एकदा सगळे ओसरीवर असताना आजीच म्हणाली, “जाऊ दे की रं तिला. चौघीजणी हायत.” आई म्हणाली, “व्हय, चौघीजणी हायत.” मी चुलीमागून हळूच म्हटलं, “बस.” माझं मलाच.

दादा पडले. बैलासारखे, गुडघे टेकून, सावकाश. “बरं,” ते म्हणाले. “पर चौघी असशीला तरच. एक जरी कमी झाली तर माझी पोर त्या टोणग्यांत एकटी बसायची न्हाई. मग भूमच्या पाव्हण्यांना सांगावा धाडीन. बोल.”

“चौघी हाव,” मी म्हणाले. “चौघीच हाव आम्ही.”

उन्हाळ्याची सुट्टी लागली. मी शेतावर. जिवलग मामाच्या गावाला गेली असं कळलं. शिंप्याची कधी घरी दिसायची, कधी नाही. पोस्टमास्तरांची एकदा बाजारात भेटली, तिच्या अंगात नवं पोलकं होतं. कुणी दिलं विचारलं तर म्हणाली, “घरातलं.” इनामदारांच्या वाड्यावर पोरींचं येणंजाणं वाढलंय, असं आई म्हणाली होती, मी म्हटलं, “जात असतील पातेलं बघायला.” आणि पुन्हा त्या पडण्याची गोष्ट साग्रसंगीत सांगितली, पाय ठेवून, हात वर करून. आईनं ती तेव्हा कितव्यांदा ऐकली असेल, देव जाणे.

हायस्कुलात नावं घालायच्या आदल्या दिवशी दुपारी जिवलग दारात आली. मामाकडून आली होती म्हणे, उन्हानं काळवंडली नव्हती, उलट उजळली होती. तिच्या हातात आमचं चऱ्हाट. तालमीसाठी नेलेलं, तेव्हापासून तिच्याकडंच राहिलेलं.

“हे तुमचं. म्हटलं, देऊन टाकावं.”

“राहू दे की तुझ्याकडं. उद्या लागंल!” मी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

ती हसली नाही. चऱ्हाट खुंटीला अडकवलं, व्यवस्थित, वेटोळं करून. उंबऱ्यापर्यंत गेली. मागं वळली. “लई उशीर करू नगंस झोपायला,” असं काहीतरी म्हणाली आणि गेली.

दोर परत करायला आलेलं माणूस ओढायला येणार नाही, हे बैलालासुद्धा कळलं असतं. मला कळलं नाही. मी ते चऱ्हाट बघून म्हटलं, किती नीट स्वभावाची आहे माझी मैत्रीण.

सकाळी दादा धुतलेलं धोतर नेसले, पटका बांधला आणि मला घेऊन हायस्कुलाच्या फाटकाशी उभे राहिले. अगदी हमरस्त्यावर. सोलापूर एका बाजूला, हैदराबाद दुसऱ्या. मालाच्या लॉऱ्या धुरळा उडवत जात होत्या. पोरं आत जाताना माझ्याकडं बघत होती. हेडमास्तर बाहेर आले.

“चार मुली कुठायत?”

“आत्ता येतील,” मी म्हणाले.

दादांनी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हेडमास्तर आत जाऊन पुन्हा बाहेर आले.

“आत्ता येतील, सर. वाटेत असतील.”

वाटेतच होत्या. सोलापूरची एस्टी आली. फाटकासमोर रस्त्यात बैलगाड्या अडकल्या होत्या म्हणून ती हळू झाली. खिडकीत आधी मला नवं पोलकं दिसलं. मग शिंप्याची, दोन वेण्या घातलेली. तिच्या मांडीवर पत्र्याची पेटी. मग इनामदारांची लेक, मधे बसलेली, आता अंगावर चिलखत नाही, गरजच नव्हती. आणि तिच्या पलीकडं माझी जिवलग. तिनं मला बघितलं. तोंड फिरवलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगते. नुसती बघत राहिली, जसं आपण दुसऱ्याच्या दारातलं लग्न बघतो.

नंतर गावात सगळं कळलं. इनामदार लेकीला सोलापुरात मुलींच्या शाळेत घालत होते, मावशीकडं ठेवून. लेक अडून बसली होती: एकटी जाणार नाही, सोबत हवी. आणि सोबत तिनं स्वतः निवडली. वाड्यावर बोलावली, एकेकटीला. पोलकं एकीला, पेटी एकीला, आणि माझ्या जिवलगला काय, ते मला आजवर कळलेलं नाही. मामाच्या गावाला ती गेलीच नव्हती. त्या मावशीकडं राहून सोलापूर बघून आली होती. भिंतीला भिंत लागून घर, आणि भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा. एवढं कारस्थान शिजलं ते मात्र ऐकू आलं नाही. तिघींनाही सांगून ठेवलं होतं की मला कळू द्यायचं नाही. तिघींनीही कळू दिलं नाही. तशा त्या दोर सोडणाऱ्या नव्हत्याच. फक्त दोर आता दुसऱ्या बाजूनं ओढत होत्या, चांगल्या मिळून.

पण त्या क्षणी हे काही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मी काय केलं? मी परकर खोचला, रस्त्यात धावले, एस्टीच्या पुढं जाऊन उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले:

“बस!”

एस्टी खरंच थांबली. ड्रायव्हरनं शिव्या दिल्या. कंडक्टरनं मागच्या दारातून मान काढली. “काय गं ए! बसायचंय? बसायचं असंल तर चल बस झटक्यान! न्हाईतर हट बाजूला!”

आत कुणीतरी हसलं. इनामदारांची लेक नव्हती, एवढं मी बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता, जिंकल्याचं समाधानही नव्हतं. जरा भ्यायली होती. मी पुन्हा ओरडले, “बस! बस!” खिडकीतल्या तिघींपैकी एकीचाही हात हलला नाही.

दादांनी येऊन माझं मनगट धरलं आणि मला रस्त्याच्या कडेला घेतलं. एस्टी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत दादांनी माझं मनगट सोडलं नाही. मला वाटलं, आता मार बसणार. ते म्हणाले, “वढणारं कुणी न्हाई तवा जनावराच्या म्होरं हुभं ऱ्हात न्हाईत, पोरी.” एवढंच. आवाज मऊ होता. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग मला रागवायला ते तरी मिळाले असते. हेडमास्तर फाटकातून म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. पुढल्या वर्षी मी भूमला होते, डोक्यावर पदर, कडेवर घागर.

माझ्या मालकांबद्दल तक्रार नाही. माणूस बरा होता. तक्रार आहे ती वेगळीच. शत्रूनं पाडलं तर माणूस उठतो. लोखंड जड होतं म्हणतो, घोडा मोठा होता म्हणतो. मला तर कुणी पाडलंच नाही. मी उभीच राहिले, हात पसरून, आणि बाजूला बघितलं तर कुणी नव्हतं. त्या उभं राहण्याचा शीण मला अजून आहे.

भूमला येऊन बरीच वर्षं झाली. थोरली लेक शाळेच्या वयाला आली, धाकटा रांगत होता. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी मी ज्वारी पाखडत ओसरीवर बसले होते, तर एक बाई दारात. सुती पातळ, पायांत चप्पल, काखेत छत्री. शाळेत नव्या आलेल्या मास्तरीणबाई घरोघर फिरून मुलींची नावं गोळा करतायत, असं गल्लीत ऐकलं होतं. त्यांनी “मुलगी आहे का घरात?” म्हणून विचारलं, आणि मग तोंड उघडंच राहिलं.

सूप माझ्या हातात तसंच.

जिवलग. मास्तरीण झालेली. खडूनं घोडे काढणारी.

“तू हितं?” ती म्हणाली.

“व्हय. भूमचे पाव्हणे. तुला ठाऊक होतं की.”

तिनं छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मी ज्वारी पाखडायला लागले. कोंडा तिच्या पातळावर उडत होता आणि मी दिशा बदलली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, “तुला खरं सांगू? त्या दिवशी तू एस्टीपुढं येऊन बस म्हणालीस ना, मला वाटलं, तू पुरे म्हणतेस. म्हणजे, झालं गेलं, जाऊ दे, असं. मी तेच धरून बसले इतकी वर्षं. मला बरं वाटायचं त्यानं.”

“आसं व्हय?” मी म्हणाले. “पोस्टमास्तरांच्या पोरीनं तसं ऐकलं असतं तर म्या ऐकून घेतलं असतं. दखनी घर तिचं. तुझ्या बापाच्या गोठ्यात बैल न्हवते का? तुला बस म्हंजी काय ते ठाऊक न्हवतं?”

तिचे डोळे भरले होते. मला त्याचा आनंद झाला, लपवत नाही. पण पोटभर झाला नाही.

“तुझी पोर देशील का शाळेत?” शेवटी तिनं विचारलं. “वर्ग सुरू करायचा तर मुली हव्यात. साहेब म्हणतात, एकीदोघींसाठी नाही जमायचं.”

“आणि आणखी कोण कोण हाय नाव दिलेलं?”

“अजून कुणी नाही.” तिनं रस्त्याकडं बघितलं. “पण येतील. आत्ता येतील.”

मी सूप खाली ठेवलं. पोर तर मी धाडणारच होते; माझ्या रागापायी तिची पाटी का फुटावी? गल्लीतल्या आणखी तिघींच्या आया माझ्या शब्दातल्या होत्या, त्यांना गाठायचंही मनात ठरवून झालं होतं. पण ते तिला लगेच कशाला सांगू? मी आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, ओसरीवर घोंगडी टाकली आणि तिच्याकडं बघून म्हणाले,

“बस.”

ती उभीच राहिली. कुठलं बस ते तिला कळेना. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, तिथं काही सापडतंय का ते.

मी तोंड कोरं ठेवलं आणि पुन्हा ज्वारी पाखडायला घेतली.